पस्तीस दिवस आणि चाळीस वर्षे

व्यसनमुक्ती केंद्राचा इतिहास सांगायला बसले की इमारत, खाटा, देणगीदार आणि पुरस्कार यांची यादी आपोआप पुढे येते. पुण्याच्या मुक्तांगणच्या बाबतीत तर हा मोह जास्तच. डॉ. अनिता अवचट यांच्यासारखी मनोविकारतज्ज्ञ संस्थापक, अनिल अवचट यांच्यासारखा लेखक पाठीशी, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचा पुढाकार आणि २९ ऑगस्ट १९८६ ही तारीख. मराठी वाचकाला ही जन्मकथा जवळजवळ पाठ आहे. २०२६ च्या २९ ऑगस्टला संस्थेला चाळीस वर्षे होतात. या लेखाचे म्हणणे असे, की जन्मकथा खरी आणि गोड असली तरी संस्थेचा इतिहास तिच्यात मावत नाही. उपचार घेणारा माणूस पस्तीस दिवस राहून घरी जातो. तो गेल्यावर संस्था त्याच्याशी, त्याच्या बायकोशी, आईवडिलांशी काय नाते ठेवते, तिथे खरा इतिहास घडला. निवासी उपचार ही सुरुवात, पाठपुरावा हा उपचाराचा गाभा, हे सूत्र आज कोणीही मान्य करील. १९८६ साली ते सर्वमान्य नव्हते. आणि आजही पैसा, इमारत व बातमी यांचा ओघ सुरुवातीकडेच जातो, गाभ्याकडे नाही.

मुक्तांगणच्या आधी महाराष्ट्रात व्यसनाकडे पाहण्याच्या दोन सरकारी खिडक्या होत्या: पोलीस ठाणे आणि मनोरुग्णालय. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणे हा परवान्याचा आणि गुन्ह्याचा विषय केला. दारू पिण्याचा परवाना कागदोपत्री आजही लागतो. पिणारा फारच हाताबाहेर गेला, भ्रमिष्टासारखे वागू लागला, तर घरचे त्याला इस्पितळात नेत. तिथे हातापायांची थरथर थांबेपर्यंत औषधे मिळत आणि मग सुट्टी. तिसरी वाट अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात सुरू झालेली ही चळवळ १९५७ साली भारतात आली. पण ती होती बैठकांची, उपचार केंद्राची नव्हे. निवासी उपचार आणि बैठक यांची सांगड घालणारे प्रयत्न १९८० च्या सुमाराला सुरू झाले. दारूने पती गमावलेल्या शांती रंगनाथन यांनी १९८० साली चेन्नईत टी. टी. रंगनाथन क्लिनिकल रिसर्च फाउंडेशन काढले. १९८१ साली फादर जो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशन सुरू केले आणि योगासनांना उपचारात जागा दिली. त्याच सुमाराला मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, उतरले होते. पन्नीवर ठेवून खालून काडी लावायची आणि धूर ओढायचा, इतके ते सोपे होते. कॉलेजातली मुले पुडीमागे लागली. नशा उतरताना होणाऱ्या यातनांना त्यांनी ‘टर्की’ हे नाव दिले, आणि लोकांनी या मुलांना ‘गर्दुल्ले’. १९८५ साली अमली पदार्थविरोधी कडक कायदा आला, १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. विकणाऱ्यासाठी तुरुंग होता. ओढणाऱ्याला घेऊन कुठे जायचे, याचे उत्तर मात्र आईबापांना कोणी देत नव्हते.

अनिल अवचट यांनी या मुलांवर लेखमाला लिहिली. पुढे ‘गर्द’ या नावाने तिचे पुस्तक झाले. ती वाचून देशपांडे दांपत्य अस्वस्थ झाले आणि त्यांनी केंद्र काढण्यासाठी एक लाख रुपये देऊ केले. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्यांनी जबाबदारी घेतली आणि त्याच रुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झाले. इथवरची कथा परिचित आहे. तिच्यातल्या एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष जात नाही: ही जागा. मराठीत ‘याला येरवड्याला पाठवा’ हे वाक्य टिंगलीचे. सुशिक्षित घरातल्या मुलाला त्या फाटकातून आत नेताना कुटुंबाची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करता येते. सोयीची, नीटनेटकी, शहराच्या मधोमध जागा मिळती तर कदाचित गर्दी लवकर झाली असती. परंतु मनोरुग्णालयाच्या सान्निध्याने एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरून गेली. व्यसन हा आजार आहे, पाप किंवा नुसता वाईट नाद नव्हे, हे भाषणात सांगण्याआधीच संस्थेने पत्त्यातून सांगून टाकले. पुढे संस्था मोहनवाडीतल्या स्वतःच्या वास्तूत गेली, तेव्हाही ती या भूमिकेवरून हलली नाही.

पस्तीस दिवसांत होते काय, हे जवळून पाहिले तर त्या मुदतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. पहिला आठवडा शरीराचा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की काही तासांतच हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर काहींना भास होतात, अंगावर किडे चढल्यासारखे वाटते, आपण कुठे आहोत याचे भान सुटते. वेळेवर उपचार न मिळाल्यास यात जीवही जातो. म्हणून डॉक्टर झोप आणणाऱ्या वर्गातली औषधे आधी पुरेशी देऊन रोज थोडी थोडी कमी करत आणतात आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टोचतात. गर्दवाल्याचे वेगळे: हाडे ठणकतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोट बिघडते, जिवाला धोका कमी, पण ओढ भयंकर. हा आठवडा सरला की माणूस जेवू लागतो, झोपू लागतो, चेहऱ्यावर तजेला येतो आणि नेमके तेव्हाच त्याला वाटते, आपण बरे झालो. उरलेले चार आठवडे या गैरसमजावर खर्च होतात. व्यायाम, योग, व्याख्याने, गटचर्चा, संगीत, वैयक्तिक समुपदेशन, झाडलोट आणि स्वयंपाकघरातली पाळी. ही पाळी काटकसरीसाठी लावलेली नाही. वर्षानुवर्षे घरात पाण्याचा पेलाही न उचललेल्या माणसाला सकाळी दिलेल्या वेळी दिलेले काम पुरे करायला लावणे हा उपचाराचाच भाग आहे.

अनिताताईंच्या काळात संस्थेने घेतलेले दोन निर्णय पुढच्या साऱ्या वाटचालीचा पाया ठरले. पहिला, मारहाण आणि कोंडून ठेवणे यांना थारा द्यायचा नाही. साखळदंडाने बांधून, अंधाऱ्या खोलीत डांबून दारू सोडवण्याचे दावे करणारी ठिकाणे तेव्हाही होती आणि आजही बातम्यांतून कळतात. त्यांचे समर्थन असे असते, की व्यसनी माणूस गोडीने ऐकत नाही. त्यात तथ्य एवढेच, की नशेत असलेला माणूस ऐकत नाही. नशा उतरलेला माणूस ऐकतो. शिवाय ज्याला पस्तीस दिवस कोंडले तो सुटल्यावर त्या जागेकडे पुन्हा फिरकणार नाही, म्हणजे पाठपुराव्याची वाट आपणच बुजवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांशी जोडलेल्या अवस्थांनाही मानसिक आजारात धरले आणि रुग्णाची संमती, त्याचा सन्मान हे हक्क म्हणून नोंदवले. मुक्तांगण हे तीस वर्षे आधीपासून पाळत होते. दुसरा निर्णय, बरे झालेल्यांना कामावर घ्यायचे. आज संस्थेत समुपदेशकापासून इतर जबाबदाऱ्यांपर्यंत अनेक जण असे आहेत, जे कधीकाळी इथेच पेशंट म्हणून आले होते. त्यावर आक्षेप घेतला जातो, की आजारातून उठलेला माणूस म्हणजे प्रशिक्षित माणूस नव्हे. आक्षेप रास्त आहे आणि म्हणूनच डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व सामाजिक कार्यकर्ते यांच्यावाचून केंद्र चालत नाही. तरीही नव्याने दाखल झालेल्याच्या सबबी, घरच्यांना गुंडाळण्याच्या युक्त्या, बाटली लपवायच्या जागा एका वाक्यात ओळखणारा माणूस समोर बसला, की जे घडते ते पदवीने घडत नाही. ‘मीही असाच होतो’ हे वाक्य म्हणायचा अधिकार फक्त त्यालाच आहे.

आता मुख्य आक्षेप. एवढे करूनही माणसे पुन्हा पितात. मग उपयोग काय? हा प्रश्न नातेवाईक विचारतात, देणगीदार विचारतात, शेजारी तर हसत विचारतात. याचे उत्तर टाळण्यासारखे नाही. १९७१ साली हंट, बार्नेट आणि ब्रँच या अमेरिकी संशोधकांनी हेरॉइन, तंबाखू आणि दारू सोडलेल्यांचे आलेख शेजारी शेजारी मांडले. तिन्ही पदार्थ वेगळे, पण आलेख जवळपास सारखे निघाले: पहिल्या तीन महिन्यांत मोठी घसरण, मग हळूहळू सपाटी. म्हणजे पस्तीस दिवस संपतात तेव्हा माणूस सर्वांत धोक्याच्या टप्प्यात नुकताच शिरत असतो. २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की व्यसनाच्या उपचारानंतर वर्षभरात ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात आणि मधुमेह, रक्तदाब, दमा यांतही पथ्य-औषध सुटून आजार उलटण्याचे प्रमाण याच पट्ट्यात आहे. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण इस्पितळाला नालायक ठरवत नाही, औषध आणि पथ्य पुन्हा तपासतो. दारूच्या बाबतीत मात्र एका घसरणीत उपचार, केंद्र आणि माणूस तिघांनाही नापास करून मोकळे होतो. यात एक धोका मान्य करायला हवा: ‘घसरण आजाराचा भाग आहे’ हे वाक्य पिणाऱ्याच्या हाती सबब म्हणूनही पडू शकते. त्यावरचा तोडगा वाक्य गाळणे हा नाही. घसरल्यावर चोवीस तासांत कोणाला फोन करायचा, हे घरी जाण्याआधी ठरवून देणे हा आहे.

मुक्तांगणच्या वाटचालीतली जी कामे बातमीत कमी येतात, ती सगळी या तीन महिन्यांच्या आणि त्यापुढच्या वर्षांच्या घसरणीला अडवण्यासाठी उभी राहिली. उपचाराच्या काळातच कुटुंबाला सामील करून घेणे ही पहिली पायरी. दारुड्याच्या घरात सगळ्यांच्या सवयी दारूभोवती बसलेल्या असतात: बायको पगाराच्या दिवशी कंपनीच्या दारात उभी राहते, आई कर्ज फेडते, मुलगा खोटा निरोप देऊन साहेबाला फसवतो. माणूस सुधारून घरी येतो आणि घर जुन्याच चालीने चालत राहते. संशय, खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट या गरजेतून आला. तिथे बाईला नवऱ्याची दारू कशी सोडवावी याची युक्ती मिळत नाही. त्याच्या पिण्याला आपण जबाबदार नाही आणि आपले आयुष्य त्याच्या बाटलीला बांधलेले नाही, हे कळते. त्याचीच पुढची कडी म्हणजे व्यसनात अडकलेल्या स्त्रियांसाठीचा ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग. पुरुष पितो तेव्हा घर त्याला केंद्रात आणते, बाई पिते तेव्हा घर ती गोष्ट झाकते. म्हणून तिच्यासाठी वेगळी दारे लागतात. शिवाय पुण्याबाहेरच्या गावांत पाठपुराव्याचे, म्हणजे फॉलोअपचे, गट सुरू झाले, कारण दुसऱ्या जिल्ह्यातला माणूस दर आठवड्याला पुण्याला येऊ शकत नाही. या गटांना इमारत लागत नाही. शाळेचा वर्ग, एखादे सभागृह, पंधरा खुर्च्या आणि दर वेळी न चुकता येणारा एक माणूस एवढे पुरते. त्यातला शेवटचा घटक सर्वांत दुर्मीळ.

याच्या विरुद्ध टोकाचा आक्षेप अभ्यासकांकडून येतो आणि तो जास्त टोकदार आहे. पाठपुरावाच महत्त्वाचा असेल तर निवासी केंद्र तरी कशाला? १९७७ साली ग्रिफिथ एडवर्ड्स, जिम ऑरफर्ड आणि सहकाऱ्यांनी लंडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. शंभर विवाहित पुरुष. निम्म्यांना त्या काळचे संपूर्ण उपचार, निम्म्यांना पत्नीसमवेत सल्ल्याची एकच बैठक. वर्षानंतर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. निवासी उपचारांविरुद्ध हा पुरावा अनेकदा पुढे केला जातो. तो खोडून काढण्याची गरज नाही, नीट वाचण्याची आहे. ज्यांना ‘केवळ सल्ला’ मिळाला त्यांचीही आधी कसून तपासणी झाली होती, पत्नी बैठकीला हजर होती आणि दर महिन्याला कोणीतरी पत्नीला भेटून खुशाली विचारत होते. आपल्याकडच्या भाषेत याला फॉलोअप म्हणतात. शिवाय ते सगळे विवाहित, घर असलेले पुरुष होते. ज्याला फिट येतात, ज्याचे घर मोडले, ज्याच्या खोलीखालीच देशी दारूचे दुकान आहे, त्याला काही आठवडे तिथून उचलणे आवश्यक असते. निवासाचे काम तेवढेच आणि तितकेच मोलाचे. पुढच्या काळाबद्दल पुरावा अधिक स्पष्ट आहे: ‘कोक्रेन’ संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ सहभागी धरून असे दिसले, की अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसकडे पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरतात.

बैठकांवरही आक्षेप आहेच. दारूची सवय सोडून बैठकीची सवय लावली, म्हणजे एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर टांगले, असे म्हणतात. या म्हणण्यात चटका आहे, तथ्य फारसे नाही. बैठकीने यकृत सडत नाही, पगार उडत नाही, मुलांच्या अंगावर वळ उठत नाहीत. गंभीर मुद्दा वेगळा आहे: बैठकीवरच्या श्रद्धेपायी औषधांना दूर ठेवणे. दारू सोडण्यासाठी डायसल्फिरामचा उपयोग १९४८ पासून माहीत आहे, नाल्ट्रेक्सोन आहे, गर्दसारख्या अफूजन्य पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. योग्य माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेले औषध हे कमकुवतपणाचे लक्षण नव्हे. मनोविकारतज्ज्ञाने उभारलेल्या संस्थेला हे सांगावे लागू नये. पण तिच्या वाटेने पुढे निघालेल्या अनेक छोट्या केंद्रांना सांगावे लागते.

मग सगळा भर सुरुवातीवरच का राहतो? कारण मोजमाप खाटांत होते. केंद्र सरकार १९८० च्या दशकाच्या मध्यापासून स्वयंसेवी संस्थांना व्यसनमुक्तीसाठी अनुदान देत आले. अशा केंद्रांची ओळख आजही पंधरा खाटांचे, तीस खाटांचे, पन्नास खाटांचे अशीच असते. खाट दाखवता येते, तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. साताऱ्याला गुरुवारी भरलेल्या गटाचे छायाचित्र कोण छापणार? गरजेचा आकार मात्र खाटांच्या पलीकडचा आहे. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात दारूच्या घातक वापराने किंवा अवलंबित्वाने ग्रासलेले लोक ५.७ कोटींहून अधिक आहेत. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेही उपचार मिळतात, आणि १८० पैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात. कितीही इमारती बांधल्या तरी ही दरी भरणार नाही. दारूबंदी करा, दरीच उरणार नाही, असे सांगणारा मोठा वर्ग महाराष्ट्रात आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिच्यामागे स्त्रियांच्या चळवळीचे बळ आहे. चंद्रपुरात २०१५ साली आलेली बंदी २०२१ साली उठली. बंदीच्या गुणदोषांचा वाद मोठा आहे, पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. दुकान बंद झाले म्हणून आधीच अवलंबून झालेल्याची थरथर थांबत नाही. गडचिरोलीतही २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाला बंदीबरोबर उपचाराची जोड द्यावी लागली.

संस्थापक गेल्यावर संस्था टिकते का, ही इतिहासाची शेवटची परीक्षा. अनिता अवचट १९९७ साली कर्करोगाने गेल्या. अनिल अवचट, म्हणजे इथल्या सगळ्यांचे बाबा, २७ जानेवारी २०२२ रोजी गेले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी आईचे काम पुढे नेले, सामाजिक न्याय मंत्रालयाने संस्थेला विभागीय प्रशिक्षण केंद्राची जबाबदारी दिली आणि इतर केंद्रांचे कार्यकर्ते शिकायला इथे येऊ लागले. हे केवळ घराण्याच्या चिकाटीने झाले असे म्हणणे अर्धवट ठरेल. ज्या संस्थेत बरे झालेली माणसेच काम करतात, तिच्याकडे वारसदारांचा तुटवडा नसतो. पाठपुरावा नसता तर ही माणसे पस्तिसाव्या दिवशी पांगली असती आणि संस्थापकांबरोबर केंद्रही संपले असते.

म्हणून चाळिसाव्या वर्षी वाचकांकडे मागणे नव्या मजल्याचे नाही. ज्यांना देणगी द्यायची असेल त्यांनी ती एखाद्या जिल्ह्यातल्या फॉलोअप कार्यकर्त्याच्या वर्षभराच्या पगारासाठी आणि प्रवासखर्चासाठी द्यावी. ज्यांच्याकडे जागा असेल त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ गटासाठी खोली मोकळी ठेवावी. कारखानदारांनी उपचार घेऊन परतलेल्या कामगाराला त्याच्या बैठकीच्या दिवशी तासभर लवकर सोडावे. आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी, माणूस घसरला तरी, लाजेपोटी थांबू नये. त्याला पुन्हा घेऊन यावे. दुसऱ्यांदा आलेल्यालाही इथे पहिल्या वेळेसारखेच दाखल करून घेतात.